हिंदी कवी मुक्तिबोधांच्या ‘ब्रह्मराक्षस’ कवितेतला ब्रह्मराक्षस, म्हणजे विद्वान ब्राह्मणाचं भूत, ही पुस्तकी पंडिताची खिल्ली आहे का? आणि तो राहतो ती बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, नागपुरात कुठे आहे?

खिल्ली मुळीच नाही. इथे नागपुरातही अनेक जण असंच समजतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण हा समज अर्धी कविता वाचून होतो.

सुरुवातीला तो ओसाड बावडीत अंगावरचा मळ काढत बसलेला दिसतो. हात, छाती, तोंड घासघासून धुतो, तरी मळ जात नाही. तोंडात स्तोत्रं, मधेच शुद्ध संस्कृत शिव्या. भिंतीवर तिरपं ऊन आलं की त्याला वाटतं, सूर्याने नमस्कार केला! इथे हसू येतं, आणि लोक पुस्तक मिटतात.

पण पुढे तोच अंधाऱ्या जिन्याच्या पायऱ्या चढतो, घसरतो, पुन्हा चढतो. पाय मुरगळलेला, छातीवर जखमा. त्याचा झगडा वाईटाशी नाही. चांगलं आणि त्याहून चांगलं यांच्यातला आहे, आणि मुक्तिबोध तोच जास्त उग्र मानतात. शेवटी आतल्या आणि बाहेरच्या जात्यात तो भरडला जातो. मग कवी म्हणतो, मला याचा ‘सजल-उर शिष्य’, म्हणजे भरल्या हृदयाचा शिष्य, व्हायचंय, याचं अर्धवट राहिलेलं काम तडीस न्यायचंय. ज्याची टिंगल करायची, त्याचं शिष्यत्व कोण मागेल?

‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ ही त्यांचीच कथा. जेवताना गुरू जागचा न हलता हात लांबवतो, थेट दुसऱ्या खोलीतून तुपाचा लोटा आणून शिष्याच्या खिचडीवर तूप वाढतो. शिष्य घाबरतो, तेव्हा गुरू खरं सांगतो: मिळवलेली विद्या योग्य माणसाला दिली नाही, म्हणून ही ब्रह्मराक्षसाची योनी. आता तू ती पुढे दे. आपल्या गोष्टींतला समंध माणसाला झपाटतो. हा मात्र शिष्याची वाट बघत बसलेला असतो.

बावडीचं म्हणाल तर मुक्तिबोध 1948 ते 1958 नागपुरात होते, आकाशवाणीत आणि ‘नया खून’ साप्ताहिकात काम केलं. म्हणून इथल्या एखाद्या पडक्या विहिरीकडे बोट दाखवायचा मोह होतो. कवितेत मात्र गावाचं नाव नाही, नुसतं ‘शहर के उस ओर’ आहे. तेवढंच धरून वाचावं.

आधी कथा वाचा, छोटीशीच आहे. मग कविता मोठ्याने वाचा, आणि शेवटच्या ओळींपर्यंत थांबू नका.