न्यूफाउंडलंड आरव्हीने: अख्खं बेट नको, पश्चिम किनारा घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैत आई-बाबा सांगलीहून येतायत, बरोबर दहा वर्षांची मुलगी, हॅलिफॅक्सला आरव्ही (झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घ्यायची आणि दोन आठवड्यांत 'संपूर्ण न्यूफाउंडलंड', म्हणजे कॅनडाच्या पूर्व टोकाचं हे मोठं बेट, करायचं. जमेल का?

जमेल, पण करू नका. मी गेली बरीच वर्षं अटलांटिक कॅनडात राहते आणि या बेटावर उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा जाते, म्हणून इतकं ठामपणे सांगते. नैऋत्येच्या पोर्ट ओ बास्क बंदरापासून पूर्वेच्या सेंट जॉन्स शहरापर्यंतचा ट्रान्स-कॅनडा हायवेच ९०० किलोमीटरच्या वर आहे. त्यात उत्तरेकडचा तो उघडावाघडा, खडकाळ किनारा येतच नाही. तिकडचा रस्ता डीअर लेक गावाशी हायवेला फुटतो आणि जाऊन-येऊन आणखी ८५० किलोमीटरच्या आसपास होतो. एवढं सगळं केलंत तर आई-बाबांना खिडकीतून झाडं दिसतील आणि तुम्हाला फक्त रस्ता.

त्यापेक्षा फक्त पश्चिम किनारा घ्या. मुख्य भूमीवरच्या नॉर्थ सिडनी बंदराहून फेरीबोटीने पोर्ट ओ बास्क, तिथून ग्रोस मोर्न राष्ट्रीय उद्यान, मग रूट ४३० धरून थेट उत्तर टोकाला लान्स ओ मेडोज, आणि त्याच वाटेने परत. दोन-तीन दिवस कोऱ्या पाटीचे ठेवा, त्यांत काहीही ठरवू नका. या बेटावर वेळापत्रक वारा ठरवतो. आरव्हीचा खरा फायदा इथेच आहे. हॉटेलचं बुकिंग वाऱ्यासाठी थांबत नाही. आरव्हीत मात्र तुम्ही चहा टाकून बसून राहू शकता.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण भाड्याची आरव्ही पहिल्यांदा चालवणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. फेरीतून उतरून उत्तरेला लागलात की थोड्याच अंतरावर रेकहाउस नावाचा पट्टा लागतो. आग्नेयेकडून वारा सुटला की तो लाँग रेंजच्या डोंगरांवरून खाली झेपावतो आणि रस्त्यावर आडवा आदळतो. तिथे ताशी २०० किलोमीटरच्या पुढचे झोत येतात. पूर्वी इथून रेल्वे जायची, तेव्हा या वाऱ्याने डबे रुळांवरून उलथले आहेत. म्हणून रेल्वेने तिथेच राहणाऱ्या लॉकी मॅकडूगल यांना वाऱ्याचा अंदाज सांगण्याच्या कामावर ठेवलं होतं. ते 'आज गाडी सोडू नका' म्हणाले की गाडी थांबायची. १९६५ साली ते वारले, त्यानंतर त्यांच्या पत्नीने काही वर्षं हे काम केलं. १९८८ मध्ये रेल्वेच बंद झाली, वारा मात्र होता तसाच आहे. आरव्ही म्हणजे उंच, हलकी, सपाट बाजूंची पेटी. तेव्हा फेरीतून उतरण्याआधी हवामान खात्याचा रेकहाउससाठीचा इशारा बघा. इशारा असेल तर जवळच्या जे. टी. चीझमन प्रांतीय उद्यानात मुक्काम टाका. ते रेकहाउसच्या अलीकडे आहे. तिथे सुंदर पुळण आहे, मुलगी दिवसभर रमेल. तिथे पायपिंग प्लव्हर नावाचे चिमुकले, दुर्मीळ पक्षी वाळूतच अंडी घालतात, म्हणून दोरी लावलेल्या भागात तिला जाऊ देऊ नका.

फेरीचं आधी उरकून घ्या. नॉर्थ सिडनी ते पोर्ट ओ बास्क साधारण सात तास. भाडं गाडीच्या लांबीवर ठरतं, त्यामुळे मागे सायकलचा स्टँड लावला असेल तर तोही मोजून लांबी कळवा. रात्रीच्या फेरीला केबिन घ्या. आई-बाबांना नीट झोप मिळाली तर पुढचा दिवस सुखाचा जातो. बोट निघाली की गाड्यांच्या मजल्यावर जाता येत नाही, म्हणून औषधं, शाल, खाऊ, मुलीचे कपडे एका पिशवीत वर घेऊन जा. गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा लागतो, म्हणजे गॅसवर चालणारा फ्रिजही बंद. दही-दूध आधी गार करून ठेवलंत तर तेवढ्या वेळात बिघडत नाही. वाऱ्यामुळे फेऱ्या रद्द होतात, त्यासाठीही ते कोरे दिवस.

गाडी २२ ते २५ फुटी पुरे. तुम्ही पाच जण असाल तर अंथरुणं नीट मोजा, पण ३० फुटीच्या मोहात पडू नका. ग्रोस मोर्नमध्ये चढ-उतार तीव्र आहेत आणि ट्राउट रिव्हरकडचा रस्ता अरुंद. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, खालचा गियर टाका. भाडेकरारात न्यूफाउंडलंडला नेण्याची परवानगी लिहिलेली आहे ना, आणि खडीच्या रस्त्यावर विमा चालतो का, हे सही करण्याआधी लेखी घ्या. तोंडी 'हो, हो' वर जाऊ नका.

अंधारात गाडी चालवायची नाही. ही माझी एकच अट समजा. १९०४ मध्ये या बेटावर न्यू ब्रन्सविकहून चार मूस (हरणाच्या कुळातले प्रचंड प्राणी) आणून सोडले होते, आज त्यांची संख्या लाखावर आहे. मूस घोड्यापेक्षा उंच, रंग काळपट, आणि पाय इतके लांब की हेडलाइटच्या झोतात डोळेही धड चमकत नाहीत. धडक बसली तर धड थेट काचेवर येतं. पहाटे आणि संध्याकाळी ते रस्त्यावर येतात. दुपारी चारपर्यंत मुक्कामाला पोचायचं, असंच नियोजन करा. जुलैत उजेड उशिरापर्यंत असतो, पण त्या उजेडाच्या भरवशावर अंतर वाढवू नका. पावसात हायवेवर चाकांच्या चाकोऱ्यांत पाणी साचतं आणि जड गाडी घसरते, तेव्हा वेग कमी.

आता ग्रोस मोर्न. इथे किमान पाच रात्री द्या. १९८७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे आणि त्याचं कारण आहे इथला खडक. बॉन बे या खाडीच्या दक्षिणेला टेबललँड्स नावाचं गंजलेल्या तांबूस रंगाचं सपाट पठार आहे. तो खडक पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणातला आहे. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी एक जुना महासागर मिटत असताना तो वर ढकलला गेला. त्यात मॅग्नेशियम आणि जड धातू इतके की झाडोरा जवळजवळ उगवतच नाही. समोरचा डोंगर हिरवागार आणि हा उघडाबोडका, मधे फक्त रस्ता. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, म्हणजे खालून वितळून वर आलेल्या रसाचा. इथे तो रस जिथून येतो त्या थरावरच तुम्ही पाय ठेवता. मुलीला हे आधी समजावून सांगा, मग तिथे न्या. पायवाट सुरुवातीला सपाट आहे, आई-बाबाही थोडं चालू शकतील.

वेस्टर्न ब्रूक पाँडची बोटफेरी आधीच आरक्षित करा. नावात 'पाँड' असलं तरी हे १६ किलोमीटर लांबीचं पाणी आहे आणि दोन्ही बाजूंना ६०० मीटरचे कडे. हिमनद्यांनी कोरलेला हा फ्योर्ड, म्हणजे उंच कड्यांमधली समुद्राची अरुंद खाडी, होता. बर्फाचं ओझं गेल्यावर जमीन वर उचलली गेली आणि समुद्राशी त्याचा संबंध तुटला, म्हणून आत गोडं पाणी. अडचण एकच, गाडीतळापासून धक्क्यापर्यंत साधारण तीन किलोमीटर चालावं लागतं आणि तेवढंच परत. बाबांच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंय, तर त्या दिवशी घाई ठेवू नका. वाटेत बसत बसत जा, आणि नाहीच झेपलं तर तो दिवस त्यांना समुद्रकाठच्या ग्रीन पॉइंटच्या कॅम्पग्राउंडवर खुर्ची टाकून द्या. तिथले उभे तिरके थर भूवैज्ञानिकांनी कँब्रियन आणि ऑर्डोव्हिशियन युगांच्या सीमेचा जागतिक मानदंड म्हणून निवडलेत. त्या कॅम्पग्राउंडच्या जागा लवकर संपतात. मिळाली तर घ्याच.

उत्तरेकडे जाताना रस्ता बराच वेळ समुद्राला लागून जातो. ग्रोस मोर्न सोडण्याआधीच किनाऱ्यावर 'एथी' या जहाजाचे गंजलेले अवशेष दिसतात. डिसेंबर १९१९ च्या वादळात ते खडकांवर घातलं गेलं, सगळे वाचले, आणि एका तान्ह्या बाळाला टपालाच्या थैलीत घालून दोरावरून किनाऱ्यावर आणलं. पुढे आर्चेस नावाच्या खडकाच्या कमानी, मग पोर्ट ओ शुआ गाव. जिथे मन होईल तिथे थांबा.

छोट्या गावांतून जाताना पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या लाकडी खोल्या दिसतील. त्यांना 'स्टेज' म्हणतात, कॉड मासे आणून तिथे साफ करायचे, खारवायचे. २ जुलै १९९२ ला सरकारने कॉडची मासेमारी बंद केली, कारण मासाच संपत आला होता. ३० हजारांच्या आसपास माणसांचं काम एका झटक्यात गेलं आणि तरुण पिढी पश्चिमेला निघून गेली. कोकणात सुकी मासळी वाळत घातलेलं अंगण ज्यांनी पाहिलंय, त्यांना या रिकाम्या स्टेजेस बघून काय गेलंय ते सांगावं लागत नाही. मला वाटतं, या किनाऱ्यावर डोंगरांइतकंच हेही बघावं. गावच्या दुकानात, गावाने चालवलेल्या कॅम्पग्राउंडवर चार पैसे खर्च करा, म्हाताऱ्या माणसांशी बोला. ती आपणहून बोलतात, आणि आई-बाबांचं इंग्रजी मोडकं असलं तरी त्यांना घाई नसते.

लान्स ओ मेडोज हे टोक. स्थानिक रहिवासी जॉर्ज डेकर यांनी १९६० मध्ये हेल्गे इंगस्टाड यांना गवताखालचे उंचवटे दाखवले. हेल्गे आणि त्यांची पत्नी, पुरातत्त्वज्ञ ॲन स्टीन, यांनी उत्खनन करून सिद्ध केलं की ही नॉर्स (व्हायकिंग) लोकांची वस्ती, कोलंबसाच्या कितीतरी आधीची. तिथल्या लाकडातल्या वर्षवलयांवरून ती झाडं इसवी सन १०२१ मध्ये तोडल्याचं २०२१ साली जाहीर झालं. गवताच्या ढेकळांची घरं पुन्हा उभी केली आहेत, आत चूल पेटलेली असते. जुलैच्या सुरुवातीला गेलात तर सेंट अँथनीजवळ हिमनग दिसण्याची थोडी आशा असते. देवमाशांची जास्त.

जेवणाचं: आई-बाबा शाकाहारी आहेत म्हणून लिहिते. 'टाउटन' या तळलेल्या पिठाच्या जाड पुऱ्या छान लागतात, पण परंपरेने डुकराच्या चरबीत तळतात, विचारूनच घ्या. डाळी, पोहे, रवा, कणीक, मसाले हॅलिफॅक्सहूनच भरून न्या. मोठी दुकानं कॉर्नर ब्रूक, डीअर लेक आणि मग थेट सेंट अँथनीला. तिथेच इंधन आणि गॅस भरा, टाकी अर्धी झाली की भरायचीच. अनेक छोट्या गावांत नळाचं पाणी उकळून प्यायची सूचना लावलेली असते, पिण्याचं पाणी वेगळं ठेवा. माश्या चावऱ्या असतात, डोक्यावरून घ्यायची जाळी सगळ्यांसाठी घ्या. निघण्याआधी फोनवर नकाशे उतरवून ठेवा, मोठ्या पट्ट्यांत सिग्नल नसतो. रात्री आरव्हीचा चांदवा (बाजूला उघडणारं कापडी छप्पर) मिटूनच झोपा.

आईंना एक गोष्ट आवडेल: उन्हाळ्यात न्यूफाउंडलंडची वेळ भारतापेक्षा बरोब्बर आठ तास मागे असते. सांगलीला फोन करताना अर्ध्या तासाचं गणित करावं लागत नाही.

परतीच्या आदल्या दिवशी गाडी खालून धुवा. बेटावर बटाट्याचा एक बुरशीजन्य रोग आणि सूत्रकृमी आहेत, ते मुख्य भूमीवर जाऊ नयेत म्हणून बंदरावर गाड्या तपासतात. चाकांच्या कमानीत, पायऱ्यांवर, बुटांच्या तळव्यांना माती नको. उरलेले बटाटे त्या रात्रीच संपवा, बेटाबाहेर नेता येत नाहीत. माती दिसली तर धुवायला पाठवतात, म्हणून फेरीच्या ठरलेल्या वेळेच्या बरेच आधी बंदरावर पोचा.