तारखेची पुण्यतिथी चालते का?

प्रश्न असा आहे : शाळेच्या फळ्यावर १ ऑगस्टचा दिनविशेष लिहायचा आहे. टिळकांची 'पुण्यतिथी' लिहावी की 'स्मृतिदिन'? पुण्यतिथीत तिथी आहे आणि १ ऑगस्ट ही तर तारीख, मग हा शब्द चुकीचा नाही का?

बिनधास्त 'पुण्यतिथी' लिहा. या शब्दातली 'तिथी' पंचांगातून केव्हाच बाहेर पडली आहे. संतांच्या बाबतीत मात्र ती अजून घट्ट आहे, इतकी की तिथीच दिवसाचं नाव होऊन बसली : तुकाराम बीज, नाथषष्ठी, दासनवमी. तिथे कुणी तारीख विचारत नाही. घरातलं वर्षश्राद्धही आपण तिथीलाच करतो. पण सार्वजनिक जीवनातल्या माणसांच्या पुण्यतिथ्या सर्रास तारखेने होतात आणि त्यात कुणाला काही खटकत नाही.

तिथीचाच हट्ट धरला, तर टिळकांच्या बाबतीत मोठी गंमत होईल. ते गेले मुंबईत, सरदारगृहात, मध्यरात्र उलटून गेल्यावर. इंग्रजी हिशेबाने तारीख बदलली होती : १ ऑगस्ट १९२०, रविवार. पण आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, म्हणजे पंचांगाच्या लेखी अजून शनिवारच चालू होता. शिवाय पंचांग कुठलं धरायचं? खुद्द टिळक पंचांगशुद्धीचे पुरस्कर्ते. त्यांच्या नावाचं पंचांग कोकणात आजही पाळलं जातं आणि अधिक मासाच्या फरकामुळे त्यातले सण एखाद्या वर्षी इतरांपेक्षा महिनाभर पुढेमागे होतात. फळ्यावर तारीखच बरी.

तारीख-तिथीचा खरा वाद शिवजयंतीचा. १९ फेब्रुवारी १६३० आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ हा दिवस एकच, पण दर वर्षी ते दोन वेगळ्या दिवशी येतात आणि जयंती दोनदा होते. वाद साजरं कधी करायचं याचा आहे, 'जयंती' या शब्दाला दोन्ही बाजूंची हरकत नाही.

'जयंती'ही मुळात पंचांगातलीच. श्रावण वद्य अष्टमीला रोहिणी नक्षत्र आलं, की त्या योगाला जयंती म्हणत. तो कृष्णजन्माचा योग, त्यावरून अर्थ पसरत दत्तजयंती, गांधीजयंतीपर्यंत आला. जयंती दिवंगतांची आणि वाढदिवस हयात माणसाचा, हा आजचा संकेत. म्हणून 'अण्णाभाऊ साठे यांचा वाढदिवस' असं लिहिलेलं कानाला बोचतं. 'जन्मदिन' मात्र दोन्हीकडे चालतो. हनुमान चिरंजीव, तेव्हा 'हनुमान जयंती' म्हणू नका, असे निरोप दर चैत्री पौर्णिमेला फिरतात. दिवंगतांचा संकेत माणसांसाठी आहे, देवांच्या जयंत्या त्याच्या आधीपासूनच्या. खुशाल म्हणा.

'स्मृतिदिन' हा निधर्मी वळणाचा शब्द. पुण्य, तिथी असले शब्द नको असतील तिथे तो शोभतो. महात्मा फुल्यांसाठी (२८ नोव्हेंबर) मी तोच वापरीन. ६ डिसेंबरला मात्र यांपैकी काहीच नको, तो महापरिनिर्वाण दिन. लिहिताना 'स्मृतिदिन'मधला 'ति' ऱ्हस्व ठेवा : सुटा शब्द 'स्मृती' असा दीर्घ, पण समासात मूळचा ऱ्हस्व परत येतो. 'पुण्यतिथी'त तिथी शेवटी आहे, म्हणून तिथे दीर्घच.

टिळक गेले त्याच दिवशी, १ ऑगस्ट १९२० रोजी, वाटेगावात अण्णाभाऊंचा जन्म झाला. त्यामुळे कितीतरी शाळांत आणि कचेऱ्यांत त्या सकाळी एकाच टेबलावर दोन फोटो असतात. फळ्यावर ओळ अशी लिहा : 'लोकमान्य टिळक पुण्यतिथी, अण्णाभाऊ साठे जयंती'. खाली दोघांना मिळून 'विनम्र अभिवादन'. 'हार्दिक शुभेच्छा' तेवढ्या टाळा. जयंतीच्या देतात, पण इथे त्या पुण्यतिथीलाही लागतील.