वादात टिंगल खरंच कामाची असते, की नुसता समोरच्याचा अपमान होतो?

कामाची असते, आणि माझ्यापुरता पुरावा म्हणजे गाडगेबाबांचं (1876–1956) कीर्तन. सत्यनारायणाच्या पोथीत सांगितलंय, प्रसाद घेतला आणि वाण्याची बुडालेली नाव वर आली. बाबा विचारायचे, लढाईत समुद्रात एवढ्या बोटी बुडाल्या, मग सत्यनारायण घालून त्या वर का काढत नाहीत? यात शिवी नाही, शास्त्रार्थही नाही. ऐकणारा आधी हसतो, आणि हसला की कबुली देऊन बसतो, कारण विनोद कळायला तर्क मनात पुरा करावाच लागतो. व्याख्यानाने हे होत नाही. ऐकणारा मान डोलावतो आणि घरी जाऊन नवस फेडतो.

बाबा प्रश्न विचारून थांबायचे, उत्तर लोकांच्या तोंडून यायचं. स्वतःच्याच तोंडून निघालेलं कसं नाकारणार?

मात्र हा माणूस फाटक्या कपड्यांत, हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचा आणि मग कीर्तनाला उभा राहायचा, म्हणून त्याचं बोलणं लागायचं पण डसायचं नाही. समोरच्याच्या जातीवर, रूपावर, बोलीवर हसणं हा वेगळा प्रकार. त्याने माणूस दुखावतो आणि त्याचं मत होतं तिथंच राहतं. दुर्दैवाने टिंगल म्हणून आपल्याकडे तेच जास्त खपतं.