गहू बंद केला, आता उंची आणि पाळीचं काय?

ताई, सिलिॲकमुळे मुलीचा गहू बंद केलात, आता तिची उंची वाढेल का, पाळी येईल का, असं विचारलंत; घाबरू नका. माझ्या लेकीलाही १४ पूर्ण झाली तरी पाळी नव्हती, वर्गात सगळ्यांत बुटकी. सिलिॲक म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार; त्यात गव्हाने आतड्याचं अस्तर झिजतं, अन्न अंगी लागत नाही. वाढीला लागणारं आयजीएफ-१ हे हार्मोन खाली येतं, पाळी लांबते. पथ्य नीट पाळलं की बहुतेक मुलांची गाडी रुळावर येते, पण महिने लागतात. दर रविवारी दाराला उभं करून पेन्सिलीने रेघ मारू नका. मी मारायचे, पोरगी वैतागायची. ज्वारी घरीच दळा, गिरणीत गव्हाचं पीठ मिसळतंच. आणि डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, आम्ही सहा महिने तिथेच फसलो! टीटीजी (सिलिॲकची रक्ततपासणी) करताना टीएसएच (थायरॉइडची) पण करा; थायरॉइड नुसत्या पथ्याने सुधारेलच असं नाही. वर्षभरात उंची हललीच नाही, तर हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा.