वाचकांचे प्रश्न : मोरचूद पांढरे पडले, म्हणजे बिघडले का?

प्रश्न : आमची संत्र्याची बाग आहे. उन्हाळ्याआधी आणलेले मोरचूद टिनाच्या खोलीत फाटक्या पोत्यात राहून गेले. पावसाळ्याच्या तोंडावर बुंध्यांना बोर्डो मलम (मोरचूद आणि चुना यांचा बुरशीनाशक लेप) लावण्यासाठी पोते उघडले, तेव्हा वरच्या खड्यांवर पांढरट भुकटी धरलेली दिसली. पाण्यात टाकताच मात्र ती नेहमीसारखी निळी झाली. शेजारी म्हणतात भेसळ आहे, दुकानदार म्हणतो माल चोख आहे, आणि आठवीतली मुलगी म्हणते की पुन्हा पूर्ववत झाले, म्हणजे हा नुसता भौतिक बदल. खरे कोणाचे मानावे?
– एक शेतकरी, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे बहुधा खरे आहे. मुलीचा प्रश्न मात्र या तिघांत सर्वांत मोलाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

मोरचुदाचा निळा खडा म्हणजे केवळ कॉपर सल्फेट नव्हे. त्याच्या प्रत्येक घटकामागे पाण्याचे पाच रेणू स्फटिकाच्या रचनेतच बांधलेले असतात आणि खड्याच्या एकूण वजनात या पाण्याचा वाटा सुमारे ३६ टक्के असतो. हे पाणी ओल्या कापडातल्या पाण्यासारखे वर चिकटलेले नसते. पाचपैकी चार रेणू थेट तांब्याशी जोडलेले असतात आणि खड्याचा निळा रंग या जोडणीमुळेच येतो. तापवत गेल्यास हे पाणी टप्प्याटप्प्याने सुटते आणि २०० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर शेवटचा रेणूही निघून जाऊन पांढरी निर्जल भुकटी उरते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवेत ओल जवळजवळ नसते. अशा वेळी टिनाखालच्या उघड्या पोत्यातील खडे वरच्या थरातले थोडे पाणी गमावून फिकट पडले, तर त्यात नवल नाही. तेवढ्यावरून भेसळ ठरवता येत नाही.

आता भौतिक की रासायनिक, हा मुद्दा. ‘उलटवता येतो तो भौतिक बदल’ ही वहीतली कसोटी सोयीची असली तरी कच्ची आहे. खडा खलबत्त्यात कुटला, तर त्या भुकटीचा पुन्हा तोच खडा जोडता येत नाही. तरीही कुटणे हा भौतिक बदलच आहे, कारण कणाकणातला पदार्थ तोच राहतो. याउलट निळे मोरचूद पांढरे होताना तांबे आणि पाणी यांच्यातले बंध तुटतात, पाणी घालताच ते पुन्हा जुळतात. बदल उलटवता येतो, तरी तो रासायनिक आहे. याची खूण हातालाही कळते. परीक्षानळीतल्या पूर्ण निर्जल भुकटीवर पाण्याचे थेंब टाकले की नळी चांगली गरम होते, कारण नवे बंध जुळताना उष्णता बाहेर पडते. निळे खडे पाण्यात विरघळवताना मात्र पाणी उलट किंचित थंड होते. खडे विरघळणे आणि पाणी आटवून खडे परत मिळवणे, याला शाळेत भौतिक बदल म्हणतात, आणि त्या इयत्तेसाठी ते योग्यच आहे.

आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते वजन. पाणी निघून गेल्यामुळे पांढऱ्या भुकटीच्या एका किलोत तांबे जास्त भरते. पूर्ण निर्जल झालेले ६४० ग्रॅम मोरचूद हे एक किलो निळ्या खड्यांच्या बरोबरीचे असते. आपल्या पोत्यात फक्त वरचा थर पांढरट आहे, त्यामुळे फरक किरकोळ असेल. पण भुकटी आणि खडे आधी नीट मिसळून मगच तोलावे. उरलेला माल झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवावा.

प्रश्न : बोर्डो मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहतात आणि पात्यावर लाली आली, तर आणखी चुना घालतात. ही लाली कसली? हे वर्गात दाखवता येईल का?
– एक शिक्षक, ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : ती लाली म्हणजे शुद्ध तांबे. तांब्यापेक्षा लोखंड अधिक क्रियाशील असल्यामुळे ते स्वतः द्रावणात उतरते आणि तांब्याला बाहेर काढते. द्रावणात आयर्न सल्फेट, म्हणजे हिराकस, तयार होतो. हा बदल निःसंशय रासायनिक आहे. मोरचूद लोखंडी टाकीत भिजवू नये, यामागचे कारणही हेच: टाकी खाल्ली जाते आणि औषधातले तांबे तिच्या भिंतीवर बसते.

चुन्याची निवळी घातल्यावर तांबे कॉपर हायड्रॉक्साइडसारख्या न विरघळणाऱ्या संयुगांच्या रूपात आकाशी साक्यात बांधले जाते, म्हणून पात्यावर येत नाही. लाली दिसणे म्हणजे मोकळे तांबे शिल्लक असणे, आणि असे मिश्रण कोवळी पाने जाळते. हिशेबाने पाहता एक किलो मोरचुदाला शुद्ध विरलेला चुना ३०० ग्रॅमही पुरतो. तरीही एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात दोन्ही एकेक किलो घेतात, कारण बाजारातला चुना शुद्ध नसतो आणि उघडा राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडूसारखा निकामी होतो. माझ्या मते लाली आल्यावर मोरचुदावर संशय घेण्याआधी चुना तपासावा.

वर्गात खिळ्याचा प्रयोग जरूर दाखवावा. चमचाभर मोरचुदाचे द्रावण आणि घासून स्वच्छ केलेला खिळा पुरतो, काही मिनिटांत थर दिसतो. खडे तापवायचे असल्यास परीक्षानळीत अगदी थोडे घेऊन मंद आचेवर, पांढरे होईपर्यंतच तापवावेत. फार तापवल्यास भुकटी काळी पडते आणि घातक सल्फर ट्रायऑक्साइड वायू सुटतो. मोरचूद विषारी असून डोळ्यांना इजा करते, म्हणून स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि प्रयोगानंतर मुलांना हात साबणाने धुवायला लावावेत.