एक पॅनेल, सहा पॅकहाऊस

प्रश्न : पिंपळगाव बसवंत येथील एका द्राक्ष पॅकहाऊससाठी मी लारावेल (पीएचपी भाषेतील वेब फ्रेमवर्क) आणि त्यावर पॅनेल बनवण्याचे साधन असलेल्या फिलामेंटच्या तिसऱ्या आवृत्तीत मालाची आवक, बागायतदारांची उचल आणि बिले यांचा हिशेब ठेवणारे अ‍ॅडमिन पॅनेल तयार केले. आता दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील आणखी पाच पॅकहाऊसना तेच हवे आहे. प्रत्येकासाठी वेगळा डेटाबेस ठेवावा का? फिलामेंटमधील टेनन्सी (एकाच पॅनेलमध्ये प्रत्येक ग्राहकाचा डेटा वेगळा दाखवण्याची सोय) सुरू केल्यावर याद्या नीट वेगळ्या झाल्या, परंतु आवकेच्या फॉर्ममध्ये बागायतदार निवडताना दुसऱ्या पॅकहाऊसची नावेही दिसली. असे का व्हावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी नावांचे पाहू, कारण डेटाबेसच्या प्रश्नापेक्षा ती चूक अधिक गंभीर आहे. आपण वापरता त्या आवृत्तीत टेनन्सी रिसोर्सच्या, म्हणजे पॅनेलमधील एकेका मॉडेलच्या विभागाच्या, स्वतःच्या यादीला चाळणी लावते. फॉर्ममधील पर्यायांसाठी आपण हाताने लिहिलेल्या क्वेरीला (डेटाबेसकडे केलेल्या मागणीला) ती लागत नाही. म्हणून प्रत्येक तक्त्यात पॅकहाऊसचा आयडी ठेवावा आणि मॉडेलवरच (तक्त्याशी बोलणाऱ्या क्लासवर) ग्लोबल स्कोप, म्हणजे प्रत्येक क्वेरीला आपोआप जोडली जाणारी अट, लावावा, म्हणजे पॅनेलमधून असो वा बाहेरून, त्या मॉडेलमार्फत येणारी क्वेरी चाळूनच येईल.

तेवढ्यानेही निश्चिंत होऊ नये. लारावेलचे ‘युनिक’ (मूल्य आधी वापरलेले नाही ना) आणि ‘एक्झिस्ट्स’ (मूल्य तक्त्यात आहे ना) हे तपासणीचे नियम मॉडेलला वळसा घालून थेट तक्त्याकडे जातात. जीएसटीच्या नियमांनुसार बिलाचा क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि त्या पुरवठादारापुरता, त्या आर्थिक वर्षात, एकमेव असावा; त्यामुळे दोन पॅकहाऊसचे पहिले बिल एकाच क्रमांकाचे असणे अगदी रास्त आहे. आपण केवळ बिल क्रमांकावर युनिक निर्बंध घातला असेल, तर दुसऱ्या पॅकहाऊसला ‘हा क्रमांक आधीच वापरला आहे’ असे विनाकारण ऐकावे लागेल. निर्बंध पॅकहाऊस, आर्थिक वर्ष आणि क्रमांक या तिघांवर मिळून हवा. ‘एक्झिस्ट्स’चा धोका याहून वाईट, कारण फॉर्ममध्ये फेरफार करून कोणी परक्या बागायतदाराचा आयडी पाठवला, तर तो नियम त्याला बिनदिक्कत आत घेतो.

रांगेत टाकलेल्या, म्हणजे सर्व्हरवर मागाहून आपोआप चालणाऱ्या, कामांत, उदाहरणार्थ रात्री तयार होणाऱ्या अहवालात, लॉगिन केलेला कोणीच नसतो. अशा वेळी पॅकहाऊस ठाऊक नाही म्हणून स्कोप मुकाट्याने बाजूला झाला, तर सहाही जणांचा हिशेब एकाच फाइलमध्ये उतरेल. माझ्या मते तिथे काम त्रुटी देऊन थांबावे, आणि पॅकहाऊसचा आयडी कामासोबतच पाठवावा.

आता डेटाबेस. सहा ग्राहकांसाठी एकट्या माणसाने सहा डेटाबेस सांभाळणे म्हणजे प्रत्येक मायग्रेशन (तक्त्यांच्या रचनेतील बदल) आणि बॅकअप सहा वेळा करणे. एकाच ग्राहकाचा डेटा मागील तारखेला नेणे त्यात सोपे जाते, हे खरे. तरीही मी एकच डेटाबेस सुचवीन. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर आवृत्ती ९.५ पासून उपलब्ध असलेली ओळनिहाय सुरक्षा (तक्त्यातील कोणती ओळ कोणाला दिसावी हे डेटाबेसनेच ठरवणे) दुसरी भिंत म्हणून जरूर वापरावी. मात्र तक्त्याच्या मालकाला ती सक्तीने लावल्याशिवाय लागू होत नाही आणि सुपरयूजरला (डेटाबेसचे सर्वाधिकार असलेल्याला) कधीच होत नाही. म्हणून अ‍ॅप्लिकेशनने मालक नसलेल्या, साध्या वापरकर्त्याच्या नावाने जोडणी करावी.

एकच बागायतदार दोन पॅकहाऊसना माल देतो, तेव्हा त्याची सामाईक नोंद ठेवण्याचा मोह होईल. तो टाळावा. त्याला कोणी किती उचल दिली आणि काय भाव ठरवला, हे दुसऱ्याला कळता कामा नये. दोन नोंदी राहिल्या तर बिघडत नाही. हिशेबनिसाचे मात्र उलट आहे. दोन पॅकहाऊसची वही लिहिणाऱ्याला एकच खाते द्यावे आणि ते दोघांशी जोडावे. ब्राउझरच्या पत्त्याच्या ओळीत त्याने तिसऱ्या पॅकहाऊसचा आयडी टाकून पाहिला तर त्याला नकार मिळायला हवा. ते काम फिलामेंट ‘कॅन अ‍ॅक्सेस टेनंट’ या मेथडवर सोपवते, आणि तिथे सरसकट होकार लिहून ठेवला असेल तर तो आजच बदलावा.