माफ केलं म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न : आदरणीय सर, माझे वडील आईला मारायचे. एखाददुसऱ्या वेळी नव्हे, पंचवीस वर्षं. शेवटच्या आजारपणात त्यांनी चर्चच्या पाळकांना बोलावलं, पापांगीकार केला, प्रभुभोजन घेतलं आणि शांतपणे गेले. अंत्यविधीला पाळक म्हणाले, ‘तारणाची खात्री घेऊन गेलेला माणूस.’ आई त्यांच्या चार वर्षं आधी गेली. शेवटी शेवटी तिने प्रार्थना सोडून दिली होती. म्हणायची, ज्याने एवढी वर्षं ऐकलं नाही त्याच्याशी आता काय बोलायचं? म्हणजे मारणारा स्वर्गाच्या आत आणि मार खाणारी बाहेर. हा न्याय असेल तर मला तो देव नको. वर मंडळीतले लोक मला ऐकवतात की तू वडिलांना माफ केलं नाहीस तर देव तुलाही माफ करणार नाही. वडिलांनी ना आईची माफी मागितली, ना माझी. मी काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, तुमचं पत्र दहा दिवस माझ्या टेबलावर होतं. दोनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. दोन्ही वेळा मी देवाची बाजू मांडत बसलो होतो, आणि ते काम मला कुणी दिलेलं नाही. बायबलच्या ‘ईयोब’ या पुस्तकात ईयोबाच्या मित्रांनी तेच केलं. ईयोब राखेत बसून देवाला जाब विचारत होता आणि ते त्याला समजावत होते की देवाचा न्याय बरोबरच असतो, तुझंच काहीतरी चुकलं असणार. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही, या मित्रांवर. माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असं सांगतो. देव सदोम शहराचा नाश करायला निघतो तेव्हा अब्राहाम तर तोंडावर विचारतो, सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय? आणि पन्नास नीतिमान माणसं सापडली तर शहर वाचवशील का, इथपासून दहापर्यंत घासाघीस करतो. तुमचा प्रश्न त्याच रांगेतला आहे. विचारलात म्हणून पाप लागत नाही.

आता ‘क्षमा’ या शब्दाकडे या. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या (येशूच्या चरित्रातल्या) प्रभूच्या प्रार्थनेत पाप हा शब्दच नाही, तिथे ऋण आहे. आमची ऋणे आम्हांस सोड. मूळ ग्रीक क्रियापद ‘सोडून देणं’ या अर्थाचं. कोळी जाळी सोडून येशूच्या मागे गेले, तिथेही तेच क्रियापद आहे. मी बरीच वर्षं ग्रीक शिकवलं आणि दर वर्षी वर्गात हेच सांगायचो की क्षमा हा आधी हिशोबातला शब्द आहे, मनातला नंतर. तुमचं माझ्याकडे काही येणं आहे, ते तुम्ही सोडता. येणंच नव्हतं असं म्हणत नाही. उलट, सोडायचं तर आधी आकडा मांडावा लागतो.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दाखला, येशूने सांगितलेली गोष्ट, तुम्हाला नक्की ऐकवला असेल, तुम्हाला गप्प करायला तोच वापरतात. राजा हिशोब घेतो. एका चाकराकडे दहा हजार तालांत निघतात. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे तीनशे दिवस राबलं तरी दोन लाख वर्षं. राजा ते सोडतो. चाकर बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. प्रवचनात इथे थांबून म्हणतात, बघा, तुम्ही असे वागू नका. पण राजाने काय सोडलं ते नीट पाहा. त्याने स्वतःचं येणं सोडलं. सोबत्याकडचे शंभर दीनार त्याने फर्मान काढून माफ केले नाहीत. ते त्याचे नव्हतेच.

तुमच्या वडिलांचं असंच आहे. देवाचं जे त्यांच्याकडे येणं होतं ते देवाने सोडलं असेल, तो त्याचा अधिकार. पण आईचं येणं होतं ते कुठलाही पाळक खाटेशी बसून सोडू शकत नाही. ज्यूंच्या मिश्ना या जुन्या नियमग्रंथात हे स्वच्छ लिहिलं आहे : माणूस आणि देव यांच्यामधल्या पापांचं प्रायश्चित्त प्रायश्चित्ताच्या दिवशी होतं, माणूस आणि माणूस यांच्यामधल्या पापांचं मात्र त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय होत नाही. येशू त्याच मातीतला. डोंगरावरच्या प्रवचनात तो सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. जायचं कुणी? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. जक्कय नावाच्या जकातदाराने कुणाची फसवणूक केली असेल तर चौपट परत करीन म्हटलं आणि निम्मी मालमत्ता गरिबांना दिली. येशूने त्याला ‘राहू दे, तुझा पश्चात्ताप पुरे’ असं म्हटल्याचं, ही गोष्ट आपल्या शुभवर्तमानात सांगणारा लूक लिहीत नाही.

म्हणून त्या पाळकांनी तुमच्या वडिलांना एक प्रश्न विचारायला हवा होता : मुलीला बोलावू का? आई नव्हती, पण तुम्ही होतात.

(स्तोत्र 51 मध्ये दावीद राजा म्हणतो, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे. आपल्याच सैन्यातल्या उरीयाला मारवून त्याची बायको घेतल्यानंतरचं हे स्तोत्र, असं परंपरा सांगते. चांगलं स्तोत्र आहे, मी ते कितीतरी आजाऱ्यांच्या खाटेशी वाचलं आहे. पण त्या ओळीशी माझं भांडण कधी मिटलं नाही. उरीयाचं नाव घ्यायला काय हरकत होती?)

हे मी दुसऱ्या पाळकाला नावं ठेवायला लिहीत नाही, मी त्याहून वाईट केलं आहे. दीक्षा होऊन वर्ष झालं नव्हतं. एक जोडपं आलं. नवरा रडत होता, म्हणाला पुन्हा हात उचलणार नाही. मी दोघांना वेदीसमोर उभं केलं, तिचा हात त्याच्या हातात दिला आणि तिला म्हटलं, म्हण, मी माफ केलं. ती म्हणाली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, प्रार्थनेच्या सुरात होतो. हाताकडे नजर गेली ती शेवटी. तिने अंगठा मुठीत घेतला होता, आत, चार बोटांच्या खाली, लहान मूल इंजेक्शनच्या वेळी घेतं तसा. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा तोच हात प्लास्टरमध्ये होता. मला काही बोलली नाही. मंडळीच्या वहीतून नाव काढून घ्यायला आली होती. त्यानंतर आजपर्यंत मी कुणालाही ‘माफ कर’ असं सांगितलेलं नाही.

आता आत कोण आणि बाहेर कोण. आई बाहेर आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? पत्रात तसं कुणी म्हटल्याचं नाही, तुम्हीच गृहीत धरलं आहे, आणि शिकवण ऐकून ऐकून तसं होतं हे मला माहीत आहे. दीडशे स्तोत्रांत 88 वं असं आहे की त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही. रात्रंदिवस हाक मारतो, तू तोंड का लपवतोस, आणि शेवट अंधारावर. आईचं वाक्य त्या स्तोत्रात सहज खपलं असतं. ज्या धर्मग्रंथात ते ठेवून घेतलं आहे, त्याच ग्रंथाच्या नावाने ती बाहेर, हे मला पटत नाही. शिवाय मत्तयाच्या 25 व्या अध्यायात न्यायाच्या वेळी जे विचारलं जातं त्यात प्रार्थना किती केल्यास हा प्रश्न नाही. भुकेल्याला खायला दिलं का, आजाऱ्याकडे गेलास का, एवढंच आहे. आणि गंमत म्हणजे उजवीकडचे आणि डावीकडचे दोघेही चकित होतात. आम्ही कधी? असं दोघेही विचारतात. कोण कुठे उभा असेल हे आधीच ठाऊक असलेला माणूस त्या प्रसंगात एकही नाही.

वडिलांचं म्हणाल, तर शेवटच्या घटकेचं दार बंद आहे असं मी म्हणू शकत नाही. वधस्तंभावरच्या चोराला ते उघडलं. मात्र तो चोर आधी म्हणाला, आपल्याला आपल्या कर्माचं योग्य फळ मिळत आहे. सबब सांगितली नाही. वडिलांनी आत काय कबूल केलं ते आपल्याला कळणार नाही, पाळक सांगणार नाहीत आणि सांगूही नये.

पण क्षमा झाली म्हणजे न्याय टळला, हा हिशोब माझ्या मते चुकीचा आहे. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की प्रत्येकाचं काम अग्नीने पारखलं जाईल. ज्याचं काम जळून जाईल तो स्वतः वाचेल, पण जणू अग्नीतून बाहेर पडल्यासारखा. या ओळींवरून कॅथॉलिक परंपरेत शुद्धीस्थानाचा, म्हणजे मेल्यावर आत्मा शुद्ध होण्याच्या अवस्थेचा, विचार आला, प्रॉटेस्टंटांनी तो नाकारला. चौथ्या शतकातला बिशप, निसाचा ग्रेगरी, तर म्हणायचा की तो अग्नी वैद्याचा आहे, दुखवतो तो बरं करायला. मी प्रॉटेस्टंट पाळक, पण इथे ग्रेगरीकडे झुकतो. मला न्याय म्हणजे एवढं दिसतं : काही झाकलेलं राहणार नाही. तुमच्या वडिलांना ती पंचवीस वर्षं आईच्या बाजूने पाहावी लागतील, दाराच्या त्या बाजूने, जिथे तुम्ही होतात. त्यातून जाणं सोपं असेल असं मला वाटत नाही. आणि त्या वेळी बोलायचा अधिकार पहिला तिचा असेल. हे मी सिद्ध करू शकत नाही. असं नसेल तर माझाही त्या न्यायाशी तुमच्यासारखाच वाद आहे.

राहिली ती धमकी, तू माफ केलं नाहीस तर तुलाही क्षमा नाही. वाक्य आहे, मत्तय सहाव्या अध्यायात आहे, मी ते पुसू शकत नाही. पण लूकमध्ये येशू हेही म्हणतो : तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला दटाव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दटावणं पहिलं. तुम्हाला ते कधी करू दिलं? आणि वधस्तंभावर, खिळे ठोकलेल्या हातांनी, येशू समोरच्या शिपायांना ‘मी तुम्हाला माफ केलं’ असं म्हणत नाही. तो बापाला म्हणतो, तू त्यांना क्षमा कर. (काही जुन्या हस्तलिखितांत ही ओळ नाही. असो, मी तिच्यावर बराच टेकलो आहे.) ज्याला स्वतःला जमत नाही त्याला हे करता येतं, प्रकरण वरच्याकडे सोपवता येतं. पौलही रोमकरांना सांगतो, सूड घेऊ नका, देवाच्या क्रोधाला जागा द्या. येणं बुडालं असं नाही. वसूल करायला तुम्ही रोज रात्री जायचं नाही, एवढंच.

ते आज जमलं नाही तर आज करू नका. वडिलांचा फोटो भिंतीवर लावायची गरज नाही, वर्षश्राद्धाच्या उपासनेला जायची नाही, आणि मंडळीत कुणी पुन्हा ती ओळ ऐकवली तर त्यांना विचारा, तुमचं त्यांच्याकडे काय येणं होतं? नसेल, तर सोडायला तुमच्याकडे आहे काय?

प्रश्न : माणूस रोज तीच चूक करतो, रोज क्षमा मागतो, आणि देव देतो. मग क्षमेला किंमत काय राहिली?

उत्तर : येशूचा शिष्य पेत्र यालाही हाच हिशोब छळत होता, सात वेळा क्षमा केली की पुरे ना? येशूचं उत्तर सातांच्या सत्तर वेळा, किंवा सत्याहत्तर वेळा, ग्रीकमधून दोन्ही निघतं. सत्याहत्तर घेतलं तर एक जुना धागा दिसतो. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाचा वंशज लामेख बायकांपुढे बढाई मारतो की माझा सूड सत्याहत्तरपट. येशू तोच आकडा उलटा फिरवतो. तेव्हा मोजदाद नको हे खरं. पण फुकटात वाटलेली कृपा ही मंडळीची शत्रू आहे, हे 1937 साली जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर लिहून गेला, आणि 1945 च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फाशी दिलं. त्याचा रोख तुमच्याच प्रश्नावर होता. रोज मागणाऱ्याला मी विचारतो, काल ज्याचं नुकसान केलंस त्याच्याकडे गेला होतास का? बहुतेक जण विषय बदलतात.

प्रश्न : जवळच्या नातेवाइकाने मला फसवून पैसे काढले. मी पोलिसांत तक्रार केली आहे. आता तो माफी मागतो आहे आणि घरचे म्हणतात, ख्रिस्ती आहेस तर तक्रार मागे घे. घ्यावी का?

उत्तर : नाही. माफी आणि तक्रार यांची टेबलं वेगळी आहेत. दक्षिण आफ्रिकेत 1996 पासून आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली वर्णद्वेषी राजवटीच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाचं काम चाललं. क्षमेवर त्यांच्याइतकं बोललेला माणूस विरळा. तरी तिथे शिक्षेतून सुटका हवी असेल तर केलेलं सगळं उघड सांगण्याची अट होती, आणि बहुतेक अर्ज फेटाळले गेले. तुमच्या नातेवाइकाने किती पैसे, कधी आणि कसे काढले हे कागदावर लिहून दिलं आहे का? परतफेडीची तारीख सांगितली आहे का? नसेल तर त्याला माफी नको आहे, सुटका हवी आहे. तुम्ही मनातून माफ केलं असेल तर त्याला तसं जरूर सांगा. तक्रार राहू द्या, आणि तारखेला एकट्या जाऊ नका.